तीन चाके, चारशे दोन मीटर

भारतातली पहिली ऑटोरिक्षा ही मुळात मॉडिफाय केलेली गाडी होती. १९४८ च्या सुमारास इटलीहून पियाजिओ कंपनीची तीनचाकी मालवाहू गाडी आयात झाली. माणसाने माणसाला ओढत न्यायच्या रिक्षा बंद व्हाव्यात, असा मुंबई सरकारचा आग्रह होता. त्या मालवाहू गाडीचा हौदा काढून तिथे प्रवाशांची बैठक बसवली तर हा प्रश्न सुटेल, हे ज्यांच्या डोक्यात आले ते होते नवलमल कुंदनमल फिरोदिया. फिरोदिया घराणे नगरचे. वडील कुंदनमल स्वातंत्र्यसैनिक आणि मुंबई विधानसभेचे अध्यक्ष. भाऊ हस्तीमल यांनी पुढे नगरला किनेटिक इंजिनिअरिंग काढली आणि १९७२ मध्ये तिथून पन्नास सीसीची लूना बाहेर पडली. नवलमल यांची बजाज टेम्पो १९५८ मध्ये मुंबईच्या गोरेगावात सुरू झाली, तीही जर्मन बनावटीच्या तीनचाकी टेम्पोने. खेड्यापाड्यांत ज्याला लोक सरळ ‘डुक्कर’ म्हणत, तोच हा टेम्पो.

त्यामुळे तीनचाकी गाडीत फेरफार करून तिला शर्यतीत उतरवण्याची गोष्ट सांगायची, तर ती नगरच्या, म्हणजे २०२४ पासून अहिल्यानगर झालेल्या जिल्ह्याच्या, अंगणातून सुरू करणे सोयीचे. शहरात वाहननगरला संरक्षण खात्याची व्हीआरडीई ही वाहन संशोधन संस्था आहे. फाळणीच्या वेळी ती चकलालाहून, म्हणजे आजच्या पाकिस्तानातून, इथे आली. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२६ वा नियम ज्या संस्थांना नव्या गाडीचा नमुना तपासून प्रमाणपत्र देण्याचा अधिकार देतो, त्यांत हिचे नाव आहे. पारनेर तालुक्यातल्या सुपे औद्योगिक वसाहतीत किनेटिक ग्रीनचा विजेवरच्या गाड्यांचा कारखाना आहे. नगरहून संभाजीनगरच्या रस्त्याला लागले की शेवटी वाळूज येते. तिथल्या बजाजच्या कारखान्यातून निघालेल्या रिक्षा श्रीलंकेपासून आफ्रिकेपर्यंत धावतात. म्हणजे गाडी बनवणारे, तपासणारे आणि चालवणारे असे तिघेही एका टापूत नांदतात.

आणि सरळ रेषेतली शर्यत तर इथे मोटारीच्या कितीतरी आधीपासून आहे. पारनेर, संगमनेर, जुन्नर, शिरूर या पट्ट्यात बैलगाडा घाटात पळतो. वळण नाही, फेरी नाही. खालून सुटायचे आणि वरचे निशाण गाठायचे. बारी किती सेकंदांत झाली यावर निकाल लागतो. कोणाचा गाडा दिसायला पुढे होता याला महत्त्व नाही, घड्याळ काय म्हणते ते खरे. ‘घाटाचा राजा’ सेकंदाच्या बारीक अंशावर ठरतो. सर्वोच्च न्यायालयाने १६ डिसेंबर २०२१ रोजी या शर्यतींना पुन्हा वाट मोकळी करून दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केले. ड्रॅग रेसिंग याच जातीचा खेळ. अमेरिकेत १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी त्याची संघटना उभी केली. तोवर तो वाळवंटातल्या कोरड्या तळ्यांवर आणि महायुद्धानंतर ओस पडलेल्या धावपट्ट्यांवर खेळला जात होता. अंतर पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. उभ्या गाडीने सुटायचे आणि एकदाच, सरळ पळायचे.

सरळ पळायचे, हे इथे सगळ्यात महत्त्वाचे. तीन चाकांची गाडी बदनाम झाली ती वळणावर. पुढे एक आणि मागे दोन चाके असली की तिचा आधार त्रिकोणी होतो. वळताना वजन बाहेर फेकले जाते, त्रिकोणाची बाहेरची बाजू तिरकी असल्याने गुरुत्वमध्य ती पटकन ओलांडतो आणि गाडी कलंडते. ब्रेक मारत वळले तर आणखी लवकर, कारण वजन त्रिकोणाच्या निमुळत्या टोकाकडे सरकते. ब्रिटनमध्ये १९२४ साली ब्रुकलँड्सच्या दोनशे मैलांच्या शर्यतीत एका मॉर्गन तीनचाकीला भीषण अपघात झाला आणि तीनचाकींना चारचाकींबरोबर शर्यतीत उतरायला बंदी आली. ‘टॉप गिअर’ या कार्यक्रमात रिलायंट रॉबिन ही तीनचाकी दर वळणाला उलटताना जगाने हसून पाहिली. मात्र तिच्या डिफरन्शियलमध्ये मुद्दाम गडबड करायला लावली होती, अशी कबुली सूत्रसंचालक जेरेमी क्लार्कसन यांनी नंतर दिली. अमेरिकेत तीन चाकांच्या रानगाड्या इतक्या उलटल्या की १९८८ मध्ये उत्पादकांनी त्यांची विक्री थांबवली. हा सगळा इतिहास वळणाचा आहे. ४०२ मीटरच्या सरळ पट्टीवर त्यातले निम्मे आरोप गळून पडतात, आणि रिक्षाची एक अशी बाजू दिसते जी रोजच्या रस्त्यावर कुणाच्या लक्षात येत नाही.

ती बाजू म्हणजे इंजिनाची जागा. बजाजची सुरुवातीची रिक्षा पुढच्या इंजिनाची होती. १९७७ मध्ये मागे इंजिन असलेली रिक्षा आली आणि इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल हा सगळा ऐवज एका गठ्ठ्यात मागच्या चाकांपाशी गेला. ड्रॅग शर्यतीत ज्या चाकांना ताकद मिळते त्यांच्यावर वजन हवे असते. मोटारीत ते साधण्यासाठी बॅटरी डिकीत हलवणे, मागे शिसे भरणे असे उपद्व्याप करतात. रिक्षात ती सोय कारखान्यातूनच झालेली आहे.

मग अडते कुठे? पहिले उत्तर सगळे देतील ते ताकदीचे. जुन्या टू-स्ट्रोक रिक्षाचे इंजिन १४५.४५ सीसीचे, चेतक स्कूटरच्याच मापाचे. चालकासह सव्वाचारशे किलोच्या आसपास वजन आणि ओढायला सात-आठ अश्वशक्ती. अशी गाडी पाव मैल पळायला अर्ध्या मिनिटाच्या आसपास घेते, आणि शेवटचा बराचसा टप्पा साठच्या एकाच वेगाने कण्हत काढते. इथे ड्रॅगवाल्यांचा एक जुना ठोकताळा उपयोगी पडतो. पाव मैलाचा वेळ हा वजन भागिले अश्वशक्ती या आकड्याच्या घनमुळाच्या प्रमाणात बदलतो. गणित कंटाळवाणे वाटले तरी त्याचा अर्थ खिशाला थेट भिडणारा आहे: वेळ निम्मा करायचा तर ताकद दुप्पट करून भागत नाही, आठपट करावी लागते. दुप्पट ताकदीने वेळ जेमतेम पाचव्या हिश्शाने कमी होतो. वजनालाही हाच हिशोब लागू. म्हणून हूड, मागची बैठक, मीटर, स्टेपनी, पत्र्याचे दरवाजे हे सगळे आधी उतरते. काढून टाकायला पैसे पडत नाहीत.

टू-स्ट्रोक इंजिन हलवून ताकद काढण्याची विद्या मात्र ऐकण्यासारखी आहे. या इंजिनाला वर उघडझाप करणारे व्हॉल्व्ह नसतात. सिलिंडरच्या भिंतीतच खिडक्या असतात आणि खालीवर होणारा पिस्टन त्या उघडतो-झाकतो. धूर बाहेर जाण्याची खिडकी वरच्या कडेने मिलिमीटरभर कानशीने घासली की ती थोडी आधी उघडते. मग इंजिन जास्त फेऱ्यांवर मोकळे पळते, पण खालच्या फेऱ्यांवरचा जोर जातो. रोजच्या रिक्षाला हा सौदा परवडणार नाही, कारण स्टँडवरून तीन प्रवासी घेऊन चढाला लागताना तिला नेमका तोच जोर लागतो. दुसरी गंमत सायलेन्सरची. शर्यतीच्या टू-स्ट्रोकचा पाइप मध्ये फुगीर आणि दोन्हीकडे निमुळता असतो. सिलिंडरमधून सुटलेल्या धुराबरोबर दाबाची एक लाट त्या पाइपात जाते, पलीकडच्या निमुळत्या भागावर आपटून परत फिरते आणि बाहेर सांडू पाहणारे ताजे पेट्रोल-हवेचे मिश्रण पुन्हा आत ढकलते. ही लाट नेमकी वेळेवर परतली पाहिजे, म्हणून पाइपाची लांबी इंजिनाच्या फेऱ्यांशी जुळवावी लागते. गरम धुरात आवाजाचा वेग सेकंदाला पाचशे मीटरच्या घरात असतो. तेवढा एक आकडा आणि कागद-पेन्सिल असली की चांगला फॅब्रिकेटर पत्रा कापून असा पाइप वळवू शकतो. हेड घासून कॉम्प्रेशन वाढवणे, मोठा कार्बोरेटर लावणे, बोअर मारून ओव्हरसाइज पिस्टन टाकणे हे त्यापुढचे. एवढे सगळे नीट जमले तर ताकद दीडपट-दुप्पट होते. फसले तर पिस्टनला भोक पडते.

आठपटीचे स्वप्न मात्र कानशीने पुरे होत नाही. तिथे इंजिनच बदलावे लागते, आणि बहुतेक जण मोटारसायकलकडे वळतात. चाकणला बनणाऱ्या केटीएम ३९० ड्यूकच्या आधीच्या पिढीतले ३७३ सीसीचे इंजिन ४३ अश्वशक्तीच्या आसपास देते. गाडीचे वजन ३८० किलोवर आणले आणि हे इंजिन बसवले, तर मघाच्या ठोकताळ्याने वेळ अठ्ठावीस सेकंदांवरून पंधराच्या आसपास येतो. कागदावर.

कागद आणि डांबर यांच्यामध्ये टायर असतो. रिक्षाचा टायर ४.००-८ मापाचा, म्हणजे आठ इंची रिमचा आणि चार इंच रुंद. सुटतानाचा जमिनीशी सगळा व्यवहार मागच्या अशा दोन टायरांच्या तळहाताएवढ्या दोन ठशांतून होतो. ४३ अश्वशक्तीचे इंजिन पहिल्या गिअरमध्ये इतका जोर लावते की ताशी ३५ ते ४० किलोमीटरच्या वेगापर्यंत चाके नुसती फिरतात. तोवर गाडी किती लवकर पळेल हे इंजिनाच्या हातात नसते, टायरच्या पकडीवर ठरते. त्यात लहान चाकाचा आणखी एक जाच आहे. या टायरचा घेर सुमारे १.३ मीटर. ताशी १२० च्या वेगाला ते चाक मिनिटाला दीड हजाराहून अधिक फेऱ्या मारते. मोटारीचे चाक त्याच वेगाला हजारभरच फिरते. शहरात ताशी चाळीसने धावायला बनवलेला टायर आणि त्याचे बेअरिंग या फेऱ्यांसाठी जन्मलेले नसतात. केंद्रापासून बाहेर फेकणारा जोर फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. दोरे सुटलेला, रिमोल्ड केलेला टायर अशा वेळी फाटतो, आणि फाटतो तो वेगाच्या टोकाला. सुज्ञ माणूस म्हणून मोठ्या रिमची, मोटारीच्या टायरची व्यवस्था करतो आणि त्या हिशोबाने गिअरचे गुणोत्तर पुन्हा बसवतो.

चिकट रेसिंग टायर मिळाले की पकडीचा प्रश्न मिटतो आणि दुसरा उभा राहतो. गाडी झपकन पुढे निघाली की वजन मागे सरकते. रिक्षाच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतले अंतर दोन मीटर. चालक बसल्यावर पुढच्या चाकावर तीस टक्के वजन आहे आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून साठ सेंटिमीटर उंच आहे असे धरू. मग गाडीचे त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाएवढे झाले की पुढचे चाक जमीन सोडते. साध्या टायरवर हे घडत नाही, कारण पाऊण पटीलाच मागची चाके घसरायला लागतात. चांगल्या टायरवर मात्र पुढचे चाक हवेत जाते, आणि रिक्षात हँडल त्याच एका चाकाला जोडलेले आहे. मागच्या दोन टायरांपैकी एकाला डांबर आणि दुसऱ्याला धूळ मिळाली की गाडी एका अंगाला ओढते. ती सरळ करायचे काम पुढच्या चाकाचे, आणि ते हवेत. तीनचाकी ड्रॅगचा खरा धोका सुटतानाच्या या पहिल्या दोन सेकंदांत आहे.

यावर पुष्कळांना सुचणारा उपाय म्हणजे पुढची चासी लांबवणे. दिसायला ते झकास दिसते, पण फारसा उपयोग होत नाही. चाक उचलणे अवलंबून असते ते मागच्या आसापासून गुरुत्वमध्य किती पुढे आहे यावर. पुढचे चाक दूर नेल्याने ते अंतर जवळपास तेवढेच राहते. त्यापेक्षा मागचा आस वीस सेंटिमीटर मागे सरकवला तर वरच्याच उदाहरणात चाक उचलण्याची मर्यादा एका पटीवरून १.३३ पटीवर जाते. याची किंमत अशी की मागच्या चाकांवरचे वजन थोडे कमी होते. चालकाची बैठक खाली आणणे हा सगळ्यात स्वस्त उपाय. शिवाय मागे दोन दांड्यांना छोटी चाके लावून व्हीली बार जोडतात. गाडी मागे कलली की ती चाके जमिनीला टेकतात आणि कलणे तिथेच थांबते.

मोटारसायकलचे इंजिन आणले की डिफरन्शियलचाही निकाल लावावा लागतो. मोटारसायकलला चेन असते, दोन चाकांत ताकद वाटायची तिला गरजच नसते. रिक्षात मात्र डिफरन्शियल वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त फिरू देते. त्याची खोड अशी की एक चाक घसरायला लागले की दुसऱ्याचाही जोर जातो. सरळ शर्यतीत ही सोय नकोच. म्हणून एकसंध आस टाकून त्यावर चेनचे चक्र बसवतात आणि दोन्ही चाके एकत्र फिरतात. त्याबरोबर रिव्हर्स गिअरही जातो, म्हणजे गाडी सुरुवातीच्या रेषेवर ढकलत न्यायची. अशी गाडी गल्लीत वळवून पाहिली की टायर किंचाळतात, तेव्हा ती कशासाठी बांधली आहे हे शेजाऱ्यांनाही कळते.

पुढच्या चाकाकडे मात्र सगळ्यांचे दुर्लक्ष होते. रिक्षाचे पुढचे चाक स्कूटरसारखे एकाच बाजूने धरलेले असते. जुना मिस्त्री ते तपासतो ते असे: गाडी पुढून जॅकवर घ्यायची, चाक वरून आणि खालून दोन्ही हातांनी धरायचे आणि आळीपाळीने आत-बाहेर ढकलायचे. ‘टक’ असा बारीक आवाज आला किंवा बोटांना हलकासा प्ले जाणवला, तर बेअरिंग किंवा लिंकचे बुश गेले. मग चाक मोकळे सोडून हाताने फिरवायचे आणि जवळ खडू धरायचा. खडूची रेघ टायरवर सगळीकडे सारखी उमटली तर रिम सरळ, एकाच जागी उमटली तर वाकडी. स्टँडवरच्या रिक्षात एवढा प्ले चालून जातो, हँडल थोडे थरथरते इतकेच. ताशी शंभरला तीच थरथर वाढत जाऊन हँडल हातातून सुटते. या तपासणीला पाच मिनिटे लागतात आणि नव्या बेअरिंगचा खर्च इंजिनाच्या खर्चात दिसतही नाही.

वेग वाढला की वारा वसुलीला येतो. रिक्षा म्हणजे काचेमागे उघडा खोका. हवेला कापण्याचा विचार तिच्या आकारात कुठेच नाही, आणि असण्याचे कारणही नव्हते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी ताकद घनाने. ताशी साठला वारा तीन-साडेतीन अश्वशक्ती खातो, ताशी शंभरला पंधरा आणि एकशेवीसला पंचवीसच्या पुढे. साध्या रिक्षाचा वेग साठ-पासष्टला येऊन का थांबतो याचे उत्तर या हिशोबात आहे. हूड काढला आणि चालकाला खाली बसवले तर समोरून दिसणारे क्षेत्रफळ घटते, म्हणजे तेवढी ताकद फुकट मिळाली.

हे सगळे खरोखर करून पाहिलेले उदाहरण ब्रिटनमधले आहे. एसेक्समधल्या एका मालवाहतूक व्यावसायिकाने बँकॉकची १९७१ सालची टॅक्सी टुकटुक ऑनलाइन विकत घेतली. तिच्यात १३०० सीसीचे इंजिन बसवले आणि १३ मे २०१९ रोजी यॉर्कशायरमधल्या एल्व्हिंग्टनच्या धावपट्टीवर मागे एक प्रवासी बसवून ती ताशी ११९.५८३ किलोमीटरने पळवली. गिनीज बुकात सर्वात वेगवान ऑटोरिक्षा म्हणून तिची नोंद झाली. आकडा ऐकून नगर-पुणे रस्त्यावरचा कोणीही मोटारवाला म्हणेल, यात काय विशेष? पण वरचा वाऱ्याचा आणि पुढच्या चाकाचा हिशोब वाचल्यावर त्या प्रवाशाच्या धाडसाला दाद द्यावीशी वाटते.

आपल्याकडे रिक्षाची हौस वेगळ्या वाटांनी जाते. सांगलीजवळ हरिपूरला संगमेश्वराच्या यात्रेत रिक्षा उलट्या पळवण्याची स्पर्धा होते. चालक मान मागे वळवून, रिव्हर्समध्ये गाडी हाणतो. यात गाडी उलट दिशेने पळू लागली की दोन चाके पुढे येतात आणि हँडलचे चाक मागे जाते. मागून वळणारी गाडी जराशा हिसड्याने शेपूट फेकते, त्यामुळे ही स्पर्धा ताकदीची कमी आणि हाताच्या सफाईची जास्त. मुंबईत २०११ साली चेन्नईच्या एका रिक्षाचालकाने दोन चाकांवर रिक्षा २.२ किलोमीटर चालवून गिनीजचा विक्रम केला, तोही याच सफाईचा नमुना. श्रीलंकेत तर वाळूजच्या रिक्षांना अलॉय चाके, स्पोर्ट्स सीट, मोठे सायलेन्सर लावून सजवण्याचा धंदाच उभा आहे.

विजेवरच्या गाडीने या खेळाची समीकरणे थोडी बदलली आहेत. पेट्रोलच्या इंजिनाला जोर येण्यासाठी आधी फेऱ्या घ्याव्या लागतात. इलेक्ट्रिक मोटर शून्य फेऱ्यांवरच पूर्ण टॉर्क देते आणि क्लच तर तिला नसतोच. शिवाय मोटरची रोजची क्षमता ठरते ती ती किती तापते यावर. तासभर चालायला तीन किलोवॉटची म्हणून विकलेली मोटर वीस सेकंदांसाठी त्याच्या दोन-तीन पट ताकद सोसू शकते, कारण तेवढ्या वेळात तांब्याची तार तापून जळत नाही. शर्यत संपून गेलेली असते. अडचण बॅटरीकडून येते. साठ व्होल्टच्या बॅटरीतून ४५ किलोवॉट काढायचे तर ७५० अँपिअर प्रवाह हवा, आणि तेवढ्या प्रवाहात साधी केबल चुलीवरच्या तव्यासारखी तापते. उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणून व्होल्ट वाढवून प्रवाह कमी ठेवणे हा शहाणपणाचा मार्ग. मात्र साठ व्होल्टच्या वर गेले की झटका जीवघेणा होऊ शकतो. तिथे गॅरेजमधला उघडा स्पॅनर चालत नाही. इन्सुलेशन केलेली हत्यारे, जाड रबरी हातमोजे आणि लगेच हाताला लागेल असा मुख्य स्विच या गोष्टी आधी लागतात.

थांबण्याचा विचार बहुतेक जण शेवटी करतात, तो पहिला करायला हवा. साठच्या जागी एकशेवीसने पळणाऱ्या गाडीत चौपट ऊर्जा असते आणि ती सगळी ब्रेकमध्ये उष्णता म्हणून मुरवायची असते. रिक्षाचे ड्रम ब्रेक शहरातल्या थांब-चालसाठी ठीक. चांगल्या ब्रेकनेही एकशेवीसवरून थांबायला सव्वाशे-दीडशे मीटर लागतात, आणि थांबताना वजन पुन्हा त्या एकट्या पुढच्या चाकावर येते. मागच्या चाकांना डिस्क, रोल केज, पूर्ण हेल्मेट आणि चालकाच्या मनगटाला बांधलेली, ओढली की इंजिन बंद करणारी दोरी, एवढे नसेल तर गाडी रेषेवर उभी करू नये.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी झालेल्या गाडीच्या मूळ रचनेत मनाजोगे बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा ठासून सांगितले. बेकायदा बदलाला कलम १८२-अ खाली प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली तर कलम १८९ आहेच: पहिल्यांदा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, दुसऱ्यांदा एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. परमिटच्या रिक्षाचे तर पासिंगच अडते. ही गाडी म्हणून भंगारातल्या चासीवर बांधावी, तिची नोंदणी रद्द करून घ्यावी आणि ती ट्रकवर लादून न्यावी. पुणे जिल्ह्यात अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर मोटारी आणि मोटारसायकलींच्या पाव मैलाच्या शर्यती झालेल्या आहेत. मोटारस्पोर्ट महासंघाचे नियम, रुग्णवाहिका, आगीचा बंब आणि थांबायला शर्यतीइतकीच लांब मोकळी पट्टी, हे सगळे अशा ठिकाणीच मिळते.

खरे तर हे काम कॉलेजांच्या हाताला शोभेल. विद्यार्थ्यांसाठी ‘एफिसायकल’ ही स्पर्धा तीनचाकींचीच असते. पायडल आणि मोटर दोन्हींवर चालणारी गाडी त्यात बनवायची असते. कोपरगाव, संगमनेर, लोणी, विळद घाट इथे अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, सुप्याला विजेवरच्या गाड्यांचा कारखाना आहे आणि नगरच्या एमआयडीसीत लेथवर हव्या त्या मापाचा आस काढून देणारे टर्नर आहेत. भंगारातली एक रिक्षा घ्या, तिन्ही चाकांखाली वजनकाटे ठेवा, गुरुत्वमध्य काढा आणि मग इंजिनाला हात लावा. पहिले पैसे टायर, बेअरिंग आणि ब्रेकवर घाला, इंजिनावर सगळ्यात शेवटी. आणि गाडी कितीही झकास झाली तरी नगरच्या किनेटिक चौकातून सुप्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिची परीक्षा घेऊ नका.